अकरा नावांपुढचा ‘नकार’

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. चोरून ओढलेल्या विड्या, बारावीला नापास झालेलं वर्ष, सासऱ्यांना मारलेल्या थापा – सगळं. हे एक सोडून. हे तिला नाही, भावाला नाही, कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का? तुम्ही माझे कुणी नाही, म्हणूनच बहुतेक. जवळच्या माणसासमोर तोंड उघडायची धमक माझ्यात कधीच नव्हती.

तसा मी वाईट माणूस म्हणून कुठं ओळखला जात नाही बघा. कोल्हापुरात डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्यात सगळी नोकरी झाली. चष्म्याचे नंबर काढणं, थेंब घालणं, गावोगाव शिबिरं लावणं. नव्वदच्या दशकात आम्ही फक्त मोतीबिंदू शोधत फिरायचो. मोतीबिंदू म्हणजे सरळ मामला – दिसत नाही म्हणून माणूस आपल्या पायांनी येतो, ऑपरेशन होतं, दिसायला लागतं, पेढे देऊन जातो. दोन हजारनंतर साखरेचे पेशंट वाढले. आणि साखर डोळा खाते ती गुपचूप. आत पडद्यावर रक्ताचे ठिपके उठलेले असतात आणि माणूस म्हणतो, मला तर लख्ख दिसतंय की! तेव्हाच लेसर झालं तर डोळा वाचतो. दिसेनासं झाल्यावर आला तर आम्ही नुसते पाठीवर हात ठेवतो.

तर त्या वर्षांत आमच्याकडे एक योजना आली. बाहेरच्या देणगीतून डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आणि एक जीप. पुण्याचे एक मोठे डॉक्टर तिचे प्रमुख. त्यांना एकच शोधायचं होतं – आपल्यासारख्या गरीब मुलखात असा कॅमेरा गावोगाव फिरवणं परवडतं का? एक माणूस आंधळा होण्यापासून वाचवायला खर्च किती? तो आवाक्यात निघाला तर जीप जिल्हाभर फिरणार होती. नाही निघाला, तर राम राम.

शिबिर डेअरीत लावायचं ही कल्पना माझी. शाळेत लावा, देवळात लावा, लोक येत नाहीत. डेअरीत मात्र दूध घालायला अख्खं गाव दोन वेळा येतं. थेंब घातले की काही तास अंधुक दिसतं, म्हणून आम्ही संध्याकाळचं दूध धरायचो – रात्री तसंही कुठं रानात जायचंय? झकास चाललं. पुण्याच्या डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मी फुगलो. का फुगू नये?

राधानगरीच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या डेअरीचे सेक्रेटरी पांडूतात्या. धोतर, टोपी आणि घशात भोंगा. त्या संध्याकाळी माझं निम्मं काम त्यांनीच केलं. रांगेतल्या एकेकाला ओरडायचे, “शुगर हाय न्हवं तुला? मग आदी डोळं दाव, न्हायतर तुजं दूध घेत न्हाय!” लोक हसत हसत खुर्चीत बसायचे. शुगर तात्यांनाही होती. ते सगळ्यांत शेवटी बसले, तेही मी हाताला धरून बसवलं म्हणून. दुधाच्या फॅटचा आकडा बिनचष्म्याचा वाचणारा माणूस – त्याला काय होणार?

फोटो नंतर कोल्हापुरात डॉक्टर बघायचे. म्हणून उठताना मी प्रत्येकाला एक वाक्य सांगायचो. तात्यांनाही सांगितलं. फोटोत काही निघालं तर मी स्वतः घरी येऊन सांगीन, आणि नाही आलो तर डोळे चांगले आहेत असं समजून निवांत राहायचं. साधं वाक्य. लोकांना पटायचं. पत्र वाचायची कटकट नाही, दवाखान्यात हेलपाटा नाही.

कळतंय ना मी काय करून ठेवलं होतं? माझं न जाणं हाच त्यांच्यासाठी निरोप होता.

त्या भागातली अकरा नावं निघाली. तात्यांच्या नावापुढे डॉक्टरांनी लाल पेनानं लिहिलं होतं – तातडीने लेसर. तोवर जीप दुसऱ्या तालुक्यात गेली होती, तेव्हा मी एसटीनं निघालो. राधानगरीपर्यंत गेलो. पुढची गाडी नव्हती. पाऊस मरणाचा. पावसाचं कारण सांगू? सांगता येईल. पण त्याच पावसात माझ्या डोळ्यांदेखत दुधाची गाडी वर गेली. हात केला असता तर ड्रायव्हरनं मला पुढे बसवून नेलं असतं, ओळखीचा होता. मी हात केला नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो, गरम भजी मागवली. अंग ओलं होतं, घरी जावंसं वाटत होतं. बस्स. यापेक्षा मोठं काही कारण असतं तर मलाही बरं वाटलं असतं.

आमच्या फॉर्मवर प्रत्येक नावापुढे तीन रकाने होते – ‘येणार’, ‘भेट नाही’, ‘नकार’. ‘भेट नाही’ लिहिलं की पुन्हा जायला लागायचं. ‘नकार’ लिहिलं की कागद मिटला. नकार देणारा सही कशाला देईल, म्हणून सहीचीही अट नव्हती. पहिल्या नावापुढे लिहिताना म्हटलं, हा बेवडा आहे, हा असाही आला नसता. दुसरी म्हातारी. तिला कोण आणणार? तिसऱ्यापासून कारण शोधायचंही सोडलं. तात्यांचं नाव शेवटी आलं. तिथं पेन थांबलं असं तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं. थांबलं नाही. भजी निवायच्या आत अकरा नकार लिहून झाले.

डेअरीत फोन होता. नंबर माझ्या डायरीत होता. दुसऱ्या दिवशी करता आला असता, महिन्यानं करता आला असता. रोज वाटायचं, आज करू. पण फोन केला तर तात्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर झाले असते – आणि मग आमच्या डॉक्टरांनी विचारलं असतं, हे तर नकार दिलेले ना? म्हणून नाही केला. माझी अब्रू शाबूत राहावी म्हणून एका माणसाचे डोळे जाऊ दिले. ही एवढी लांबड लावली ती या एका वाक्यासाठी. लिहिलं एकदाचं.

थांबा, अजून आहे. पुढे बैठक झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी गणित मांडलं. गाडी, कॅमेरा, माणसं, सगळा खर्च तोच – आणि लेसरला आलेले लोक थोडे. भागाकार केला की एका वाचलेल्या डोळ्याचा खर्च भलताच मोठा. त्यांनी मलाच विचारलं, लोक नकार का देतात हो? आणि मी काय बोललो असेन? म्हणालो, “अडाणी आहेत साहेब. गळ्याशी आल्याशिवाय हलत नाहीत.” असं म्हणालो मी. ज्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला त्यांना अडाणी म्हणालो, आणि साहेबांनी ते लिहून घेतलं. अहवालात छापून आलं की ग्रामीण भागात लोकच उपचार नाकारतात, त्यामुळे गावोगाव तपासणी परवडणारी नाही. दुसरीकडचे काही नकार खरेही असतील. मला माझे अकरा माहीत आहेत. जीप गेली. कॅमेरा शहरातल्या दवाखान्यात बसवला, जिथं लोक आधीच तीन डॉक्टरांना दाखवून येतात.

तात्या दोन वर्षांनी आमच्या दवाखान्यात आले. आणले म्हणायचं – बायकोनं हाताला धरून. एक डोळा पुरता गेलेला, दुसऱ्यात नुसता उजेड. मी त्या दिवशी पेठ वडगावला शिबिराला होतो. डॉक्टरांनी जुना कागद काढला, ‘नकार’ वाचला आणि बायकोसमोर त्यांना फाडफाड बोलले. हे मला कसं कळलं, तर तात्यांच्याच तोंडून.

माझ्या मेहुण्याची तात्यांच्या शेजारच्या गावी वास्तुशांत होती. जेवणं झाली, ओसरीवर चहा आला. मी कुणाशी तरी बोलत होतो, आणि कोपऱ्यातून आवाज आला – “कोल्लापूरचं डोळ्याचं सायेब न्हवं का?” भोंगा बसला होता खरा, पण ओळखला. भिंतीला टेकून तात्या. शेजारी बायको. पळायला जागा नव्हती, मी जाऊन बसलो. त्यांनी चाचपडत माझा हात धरला. रागानं नाही हो. रागानं धरला असता तर परवडलं असतं.

“बरं झालं भेटलासा,” म्हणाले. “तुमीच सांगा आता हिला. दवाखान्याच्या कागदावर लिवलंय म्हणं, मी लेसरला न्हाय म्हणलो. तवापास्नं ही माज्यासंगं धड बोलंना. म्हणती, भ्यालासा आनी माज्यापास्नं लपवलासा. मी कवा न्हाय म्हणलो, सायेब? तुमी आलताच कवा?”

त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. वाट बघत होत्या. एक शब्द पुरला असता. नोकरीची मोजकी वर्षं उरली होती, मेहुणा चार पावलांवर उभा होता, आणि मी म्हणालो, “लई दिवस झाले तात्या. माझ्या ध्यानात नाही. कागदावर असेल तर...”

“बगा,” बाई म्हणाल्या, आणि तोंड फिरवलं.

माझा हात अजून तात्यांच्या हातात होता. मग मान हलवून, बायकोला ऐकू जाईल असं म्हणाले, “म्हंजी मीच न्हाय म्हणलो असंन गं. इसारलो असंन.”

मी म्हणालो, “होतं असं तात्या.” आणि हात सोडवून घेऊन चहा प्यालो.