काँग्रेसमनच्या गावाला, पडलेल्या उमेदवारासोबत

इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, निवडणुकीत नितीन, म्हणजे माझा नवरा, पडला. प्रचारसभेला आमच्या बुद्धविहारातल्या मंडळींनी हॉल गच्च भरला होता, पोहे दोनदा करावे लागले. पण आम्ही बहुतेक सगळे पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी असलेले पण नागरिक नसलेले; मतदार यादीत नाव कोणाचं? माझंसुद्धा नाही. नितीनने इथलं नागरिकत्व घेतलंय, पण त्यासाठी इंडियन पासपोर्ट सोडावा लागतो आणि तो माझ्याच्याने सोडवत नव्हता. "पुन्हा उभा राहणार नाही," असं जाहीर करून तो घरात तोंड पाडून बसला. शेवटी शनिवारी मीच त्याला गाडीत घातला.

ग्लेन वेव्हर्लीहून लवकर निघालात तर वेस्ट गेट ब्रिजवर ट्रॅफिकमध्ये अडकायला होत नाही. बॅलरॅटपर्यंत सरळ फ्रीवे, पुढे मेंढ्या आणि निलगिरीची झाडं. जाकीट ठेवाच, उन्हातही वारा बोचतो. आम्ही गेलो ते सोन्याच्या खाणींचं जुनं गाव. बेकरीतला पाय, म्हणजे सारण भरलेला पेस्ट्रीचा प्रकार, झकास; म्युझियमला तिकीट नाही, दारात दानपेटी.

आत एका अमेरिकन काँग्रेसमनच्या, म्हणजे तिकडच्या खासदाराच्या, आठवणींची खोली आहे. एकोणिसाव्या शतकातला हा वकील अमेरिकेत दोनदा निवडून गेला, गुलामगिरीविरुद्ध बोलला आणि तिसऱ्या खेपेला त्याच्याच लोकांनी त्याला घरी बसवलं. मग सोन्यासाठी बोटीने इथे. सोनं काही मिळालं नाही, म्हणून किराणा दुकान काढलं. फोटोत दाढी भरघोस, डोळे दमलेले. तिकडे कायदे करून आलेल्या या माणसाला इथे परका म्हणून मतसुद्धा नव्हतं. ती ओळ मी दोनदा वाचली.

म्युझियम सांभाळणारी शर्ली आजी म्हणाली, "म्हातारपणी त्याने राणीशी एकनिष्ठतेची शपथ घेतली आणि इथला नागरिक झाला. रडला म्हणे. मग टाउन कौन्सिलला उभा राहिला."

"जिंकला?" नितीनने इतक्या घाईने विचारलं की मी बघतच राहिले.

"नो, डार्ल. पडला. परत उभा राहिला, परत पडला. पण प्रत्येक सभेत वाचनालय मागायचा. शेवटी त्याला पाडणाऱ्यांनीच ते बांधलं."

परतताना बॅकस मार्शला सफरचंदं घेतली.

त्या माणसाची भाषणं मी घरी येईपर्यंत विसरले, शपथ मात्र डोक्यातून जाईना. कुकर लावता लावता म्हणाले, "मी सिटिझनशिपला अप्लाय करते." आणि ड्रॉवरमधून पासपोर्ट काढून ओट्यावर ठेवला.

"अगं, पण मी उभा नाही राहणार म्हटलंय ना?"

"ते तुझं तू बघ. मला मत द्यायचंय."

"मलाच देशील?"

"जो चांगलं काम करेल त्याला."

कितीतरी दिवसांनी तो मोकळं हसला. "मग उभं राहावंच लागेल," म्हणाला.