वांगं-भाकरीची चिठ्ठी

कुमुदताई गेल्याचं कळलं तेव्हा मी गुलमंडीत परकराचं कापड बघत होते. दुकानदार कापड मोजायला हात उचलून उभा, आणि मी नुसतीच फोनकडे बघतेय... काही न घेताच निघाले. त्याला आता महिना होत आला.

ताई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. अत्याचार झालेल्या बाईशी कसं वागायचं, हे त्या पोलीस, डॉक्टर, वकील, शिक्षक अशा सगळ्यांना एकत्र बसवून शिकवायच्या. मी हवालदार, वरून हुकूम आला म्हणून नाक मुरडतच गेले. त्यांनी मला उभं केलं आणि काल दुपारी काय जेवलीस, ते चार जणांना एकेक करून सांगायला लावलं. पहिल्याला मी वांगं-भाकरी सांगितली. मग डॉक्टरांनी भाकरी किती खाल्ल्या ते विचारलं, वकिलांनी वेळ विचारली. चौथ्या, शिक्षिकाबाईंपर्यंत पोचले तोवर भाकरीची पोळी झाली होती आणि मी रडकुंडीला आले होते. ताईंनी सगळं एका चिठ्ठीवर टिपून ठेवलं होतं.

"मग, खोटं बोलतीस व्हय गं?" एवढंच त्यांनी विचारलं. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

कारण आदल्याच आठवड्यात कन्नड तालुक्यातून तक्रार द्यायला आलेल्या एका मुलीला मी परत पाठवलं होतं. आधी ती मंगळवार म्हणाली, मग बुधवार. नीट आठवून ये, असं मी तिला सुनावलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ताईंना हे सांगून टाकलं. मला बरं वाटावं असं त्या काहीच बोलल्या नाहीत.

"निरोप मी धाडते. पण ऐकायला तूच बसायचं."

आठव्या दिवशी ती मुलगी आली, ताईंना खेटून बसली. या वेळी मी मध्ये तोंड घातलं नाही. मंगळवार लिहिला, बुधवारही लिहिला. गुन्हा नोंदवला गेला. केलेली चूक निस्तरायची संधी सगळ्यांना मिळत नाही. मला ताईंमुळे मिळाली, आणि हे त्यांना तोंडावर सांगायचं राहूनच गेलं.

ताईंकडून मागून घेतलेली ती चिठ्ठी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. मागच्या आठवड्यात नवे साहेब एका मुलीचा जबाब हातात घेऊन तणतणत आले. दर वेळी वेगळंच सांगते म्हणे, घरी पाठवा तिला. ती बाहेर बाकावर बसून होती. मी चिठ्ठीकडे पाहिलं, साहेबांसाठी खुर्ची ओढली.

"साहेब, काल दुपारी काय जेवलात?"