चढावरची बस आणि रामलिंगचा हात

आमच्या गावाच्या फाट्यावर थांबा नाही. चाकूरकडून येणारी एसटी तिथं थांबते ती कुणी हात दाखवला म्हणून. आणि गाडीवर आमच्या गावचा रामलिंग असला, की ती बांधावरच्या हातासाठीही थांबायची. डोक्यावर गवताची पेंडी घेतलेली बाई लांबून हात करी, गाडी उभी राही, आणि ती येईपर्यंत अख्खी गाडी तिच्याकडं बघत बसे. सगळ्यांत ठरलेला हात तारामतीचा, म्हणजे रामलिंगच्या बायकोचा. दुपारच्या फेरीला ती शेताच्या कडेला डबा घेऊन उभी असायची.

"आप्पा, मालकीणबाईंचा थांबा आला," म्हणत कंडक्टर भुजंग घंटी ओढायचा. मग खाली वाकून विचारायचा, "वहिनी, तिकीट फाडू का?"

"डबा चढायलाय, मी न्हाई," तारामती म्हणायची. "डब्याला तिकीट असतंय का?"

असा हा रामलिंग चाळिशीच्या तोंडावर जर्मनीला निघाला. तिकडं बस चालवायला माणसं कमी पडतात, पण आधी भाषा शिकावी लागते, असं त्यानं ऐकलं आणि सुट्टीच्या दिवशी लातूरच्या वर्गाला जाऊ लागला. पहिल्या दिवशी तो आत शिरला तेव्हा सर आले असं समजून सगळी पोरं उठून उभी राहिली. रामलिंग मागच्या बाकावर जाऊन बसला. घोकंपट्टी शेतात चालायची. औत धरून तो जर्मनमध्ये आकडे म्हणायचा आणि बैल कान टवकारायचे.

"त्येंच्यासमोर नका म्हणू," तारामती म्हणायची. "शिकले तर तेबी जातील, मग पेरणी कुणी करायची?"

एसटीची नोकरी सोडून तो गेला. तिथलं लायसन काढलं, डोंगरातल्या एका लहान शहरात बस मिळाली. पहिलं अर्धं वर्ष परीक्षेचं. त्यात नाव खराब झालं नाही, तर नोकरी कायम आणि मग तारामती न् पुनमला, म्हणजे लेकीला, तिकडं न्यायचं. पुनमनं शाळेत सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

पहिल्या आठवड्यातच त्याचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही सगळे तारामतीच्या ओट्यावर जमलो. रामलिंगनं बटण दाबलं आणि ती लांबलचक बस फुस्स करून फुटपाथच्या अंगाला खाली वाकली, बैल बसायच्या आधी पुढचे गुडघे टेकतो तशी.

"अगं बया, बसली की," तारामती म्हणाली.

"म्हाताऱ्या माणसाला चढता यावं म्हणून."

"आपल्या एसटीला शिकवा की हे."

"तिचे गुडघे कवाच गेलेत."

मग तो सांगतच सुटला. इथं कंडक्टर न्हाई, घंटी न्हाई, हॉर्न तर कुणी वाजवतच न्हाई. चढणारा प्रत्येक माणूस नमस्कार घालतोय, उतरणारा आभार मानतोय. "लई भारी वाटायलंय. दिवसभर सरपंच झाल्यासारखं."

त्याची बस एका चढावरून वरच्या वस्तीला जायची, तिथं वळसा घ्यायची आणि त्याच वाटेनं खाली शहरात यायची. एके दिवशी खाली येताना थांबा मागं पडला आणि रस्त्याकडेला एक आजी दिसली. एका हातात काठी, दुसरा हात वर. रामलिंगला काही ठरवावंच लागलं नाही. पायानंच ब्रेक दाबला. बस उभी राहिली, गुडघ्यावर बसली, आजी चढली. मागच्या मोटारीनं कचकन ब्रेक मारले.

दुसऱ्या दिवशी बस कंपनीच्या साहेबीणबाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. ती म्हातारी रस्त्यावर पडली असती तर कोण जबाबदार, एवढंच विचारलं. आणि म्हणाल्या, "थांबा सोडून पुन्हा बस थांबली, तर मी तुम्हाला कायम करू शकणार नाही."

पुढच्या आठवड्यात तीच आजी, तोच हात. रामलिंग थांबला नाही. आरशात ती लहान लहान होत गेली.

त्यानं तारामतीला फोन लावला. "आपुन हात सोडून गेलोय असं कधी झालं न्हवतं बघ."

तारामती म्हणाली, "अहो, ती घरातून निघती कवा? ते तर इचारा."

"इथं न सांगता कुणाच्या दारात जात नसतेत."

"दारात कशाला? थांब्यावर बसा जाऊन."

सुट्टीच्या दिवशी रामलिंग त्या थांब्याच्या बाकावर जाऊन बसला. आजी काठी टेकत आली. "आज बस घरी विसरलास?" तिनं विचारलं. तिचं नाव हिल्ट्रूड; आमच्या जिभेवर ते अजून नीट बसत नाही. खिडकीत बसून कॉफी पिते, म्हणाली, आणि वरच्या वळणावर परतीची बस दिसली की निघते. इतकी वर्षं तेवढा वेळ पुरायचा. यंदा गुडघा ऐकत नाही.

रामलिंग विचार करून, एकेक शब्द जुळवत बोलला. "मी वर जाताना तुमच्या खिडकीकडं हात करतो. हात दिसला की कोट घाला."

दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. वर जाताना ह्याचा हात, खिडकीत तिचा हात. बस वळसा घेऊन येईतो आजी थांब्यावर हजर. मग वरच्या अंगाचे एक आजोबाही त्या हातावर निघू लागले.

परीक्षेच्या शेवटी साहेबीणबाई स्वतः बसमध्ये येऊन बसल्या. चढावर रामलिंगचा हात वर गेला.

"हे कुणाला?" त्यांनी विचारलं.

रामलिंगनं खरं ते सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. परत येताना हिल्ट्रूडआजी थांब्यावर उभी होती, बस वेळेत होती. बाईंनी उठून आजीला स्वतःची जागा दिली. आठवड्यानं रामलिंग कायम झाला, आणि आम्ही फाट्यावर फटाके उडवले.

उन्हाळ्याच्या तोंडाला तारामती न् पुनम तिकडं पोचल्या. दुसऱ्याच दिवशी तारामतीनं ज्वारीच्या भाकरी केल्या, डबा भरला आणि पुनमला घेऊन चढावर मधेच उभी राहिली. बस खाली येताना दिसली तसा तिनं हात वर केला.

रामलिंगचा पाय ब्रेककडं सरकला. पण त्यानं नुसता हात केला, हसला, आणि बस पुढं गेली.

तारामती तरातरा चालत खाली हिल्ट्रूडआजीच्या थांब्यावर आली. बस वेळेआधी येऊन उभी होती, सुटायला जरा वेळ होता.

"डब्यासाठीबी न्हाई?"

"थांबा हितं हाय, मालकीणबाई."

त्यानं बटण दाबलं. बस तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. आधी हिल्ट्रूडआजी चढली, मग पुनम, आणि पदर सावरत तारामती. रामलिंगनं दोन तिकिटं काढून पुढं धरली.

"डब्याला तिकीट असतंय का?" ती म्हणाली.

"डब्याला न्हाई. पण आज तू चढलीस."