टक् वाजलं की नॉर्मल

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी मुद्दाम सांगतो. बापाला सही येत नव्हती आणि मला बीडच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली, याचा मला गर्व आहे, तो लपवायचं कारण नाही.

पहिल्या बोनसमधून मायसाठी फ्रिज घेतला. एका दाराचा, लाल. मांजरसुंब्यापासून पुढं आमचं गाव. टेम्पोतून फ्रिज उतरवला तेव्हा सगळी गल्ली बघायला आली होती. पण दिवाळी झाली आणि गल्ली ऊसतोडीला गेली. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. बाप वारला, जोडी मोडली, आणि एकट्या म्हाताऱ्या बाईला कोणता मुकादम नेणार? लहानपणी ते दोघं जायचे आणि मी मागं राहायचो. आता माय मागं राहते. सहा महिने तिच्या दोन्ही अंगाच्या घरांना कुलपं.

मग तिचे फोन सुरू झाले. दुपारी मी डबा उघडला की हमखास.

पहिल्या दिवशी म्हणाली, आत कोणीतरी चूळ भरतंय. मी माहितीपुस्तिका पाठच केली होती. सांगितलं, गॅस फिरतो, त्याची खळखळ असते. दुसऱ्या दिवशी फ्रिजला ताप आला होता, बाजूला हात लावला तर चटका बसतो म्हणाली. मी म्हणालो, आतली गरमी बाहेर टाकतो तो, भिंतीपासून वीतभर सरकव. एकदा तर फ्रिज मेला म्हणून रडकुंडीला आली. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाई रोज दुपारी बटण बंद करत होती. "बैल बी दुपारी सोडतेत की रे. तेला इसावा नको का?" इसावा देऊन लगेच बटण चालू केलं की मोटर पाच मिनिटं उठत नाही. तेवढी पाच मिनिटं धीर धरवत नव्हता तिला.

मला हसू यायचं. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. खोलीवर मी एकटा, ग्रंथालयात पुस्तकं द्यायची-घ्यायची, त्यापलीकडं माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. तिच्याशीही नाही. दिवसाकाठी आम्हा दोघांचं बोलणं ते तेवढंच, फ्रिजचं. पण हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

एक दिवस तपासणीला साहेब आले होते. रजिस्टरं टेबलावर पसरलेली, आणि फोन. फ्रिज टक् वाजला म्हणे. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. मी बाहेर जाऊन आवाज चढवला. "टक् वाजलं तरी नॉर्मल, खळखळलं तरी नॉर्मल, गरम झालं तरी नॉर्मल. आग लागली तरच फोन कर."

ती "बरं" म्हणाली.

फोन थांबले. आठवड्यानं मीच केला. विचारलं, फ्रिज कसा आहे?

"नॉर्मल हाय," ती म्हणाली. अगदी माझ्यासारखा शब्द. मला वाटलं, शिकली. शिकवलं की शिकतात माणसं. डबा खाताना फोन टेबलावर पालथा पडलेला असायचा. एकदोनदा तो बंद पडला की काय म्हणून उचलूनही बघितला. चालूच होता.

तीन आठवड्यांनी रविवार धरून गावी गेलो. मांजरसुंब्याला उतरलो, तिथून काळीपिवळी जीप. गल्लीत एका दारासमोर झाडलेलं होतं, ते आमचं. मायनं चहा ठेवला, त्यात दूध नव्हतं. नासलं म्हणाली. मी फ्रिज उघडला. दिवा लागला, पण आतून आंबूस, कोमट वास आला. पालक काळा पडून चिकटला होता. मी तिथंच उभा राहिलो. थोड्या वेळानं आवाज आला, टक्. मग बारीक घुं, आणि पुन्हा टक्. मोटर उठायला बघत होती आणि बसत होती.

विचारलं, कधीपासून? आठ-दहा रोज झाले असतील, ती म्हणाली.

"मंग फोन कावून केला न्हाईस?"

"आग कुटं लागलती?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी सांगितलं होतं, तिनं पाळलं होतं. टक् वाजतंय, दिवा लागतोय, म्हणजे नॉर्मल. ती रोज दूध ओतून देत होती आणि फडक्यानं फ्रिज पुसत होती.

मांजरसुंब्याहून मेकॅनिक आणला. त्यानं मागं हात घालून मोटर चालू करणारा करंगळीएवढा जळका रिले काढून दाखवला. मी त्याला म्हणालो, पुस्तिकेत तर टक् आवाज नॉर्मल लिहिलाय. तो म्हणाला, "लिहिलंय बराबर. पन सर, टक् झाल्यावर मोटर घुमाया पायजे ना. नुसतं टक् ऐकून काय कळतंय?" मी ग्रॅज्युएट माणूस. पुस्तिका मी वाचली होती. आवाज मात्र एकदाही नीट ऐकला नव्हता, फ्रिजचा नाही आणि तिचाही नाही.

नवा रिले बसला, मोटर घुमू लागली. मायनं दाराला कान लावला आणि मान हलवली. निघायची वेळ झाली. चप्पल घालता घालता मी म्हणालो, माय, फोन करत जा, रोज दुपारी, माझ्या जेवायच्या वक्ताला.

ती उंबऱ्यात उभी होती. तिनं खरोखर विचार केला.

"करते," ती म्हणाली. "पन आता काय म्हनून करू? फ्रिज तर नीट झाला."