राज्यशास्त्रात काय शिकवतात?

आज सकाळी रावेतच्या आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला आणि ओल्या गंजाच्या वासाने मी चाकणच्या जुन्या गल्लीत पोचले. तेव्हा मी नुकतीच बी.ए. झाले होते. माझे वडील, अण्णा, कंपनीतली शिफ्ट करून आले होते. आम्ही दोघं टँकरच्या पाइपाखाली हंडे भरत होतो. धीर करून मी म्हणाले, “एमबीए नको. राज्यशास्त्रात एम.ए. करते.”

“त्यात काय शिकवत्यात?”

रस्त्यापलीकडे कंपनीच्या हिरवळीवर पाण्याचे फवारे उडत होते.

“तिथं गवताला पाणी आणि आपल्याला टँकर, हे कोण ठरवतं, ते.”

अण्णा तिकडे बघतच राहिले. हंडा भरून वाहू लागला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“मग शीक,” ते म्हणाले. “आन् कळलं की आदी मला सांग.”

तेव्हा मला ती नुसती परवानगी वाटली. आज वाटतं, तो प्रश्न त्यांना माझ्या कितीतरी आधीपासून पडलेला असावा.