धानाच्या कोठीतलं इंटरनेट

घरच्या इंटरनेटचा वेग वाढावा म्हणून मी राऊटर धान साठवायच्या पत्र्याच्या कोठीत ठेवला आणि वरून घट्ट झाकण लावलं.

ऐकायला वेडेपणा वाटतो. पण मी तिथवर विचार करत करत पोचलो होतो! पल्लवीची, म्हणजे आमच्या लेकीची, पुण्यातली नोकरी सुटली आणि ती तिरोड्याला परत आली. तेव्हापासून पोरगी खाली मान घालून जेवायची, बायको खाली मान घालून वाढायची आणि मी खाली मान घालून पुन्हा भात घ्यायचो. (दुःखात मला भूक जास्त लागते.) अशात एका कंपनीनं तिला ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. आणि आमचं इंटरनेट असं, की समोरच्याचे ओठ आज हलायचे आणि आवाज उद्या यायचा!

मी केबलवाल्याला फोन लावला. (रस्त्यावर जाऊन. घरात मोबाइलला रेंज नाही.)

"काकाजी, राऊटर ऊंची जगह पे रखो," तो म्हणाला.

आमच्या घरात सगळ्यात उंच म्हणजे मागच्या खोलीतली कोठी. तिच्या डोक्यावर राऊटर ठेवला आणि वेग खरंच वाढला! पण नवं धान घरात आलं की मागोमाग उंदीर येतात. त्यांनी वायरीला दात लावले. कोठीच्या आत मात्र उंदीर शिरत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून मुलाखतीच्या सकाळी मी कोठीला भोक पाडलं, वायर आत ओढली, राऊटर धानावर बसवला आणि भोक सिमेंटनं बुजवून टाकलं.

मुलाखत सुरू झाली आणि स्क्रीनवरच्या मॅडम तोंड उघडं ठेवून थिजल्या.

"बाबा, नेट काऊन जाऊन राहिलं? राऊटर कुठं हाय?"

"एकदम सुरक्षित हाय!"

ती मागच्या खोलीत धावली. कोठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, चारी बाजूनं पत्रा! नेट बाहेर येन कसं?"

"उंदरायसाठी केलं न, बेटा."

झाकण काढलं. वायर सिमेंटात पक्की आणि आत इतकी तोकडी, की राऊटर धानावरून उचलेना. कोठीच्या तोंडाशी मात्र नेट येत होतं. मग पल्लवी स्टुलावर चढली, मी पोत्यावर चढलो आणि लॅपटॉप कोठीवर अधांतरी धरून उभा राहिलो. मॅडम हलल्या!

"आप कहाँ बैठी हैं?"

"घर पे, मॅम," स्टुलावर उभी असलेली पल्लवी म्हणाली.

काय बोलत होती पोरगी! किती दिवसांनी तिचा आवाज असा खणखणीत ऐकला. मला भरून आलं. भरून आल्यावर माणूस लांब श्वास घेतो. मी घेतला, धानाच्या धुळीसकट.

एकच शिंक! लॅपटॉप पालथा, धानात!

"हॅलो? पल्लवी? कॅमेरा क्यों बंद किया?" कोठीतून मॅडमचा आवाज घुमला. मग तोही गेला.

संध्याकाळी नकाराचा मेल आला. पल्लवी सुईनं लॅपटॉपच्या बटणांमधली धानाची कुसं काढत बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मला राहवेना, म्हणून मी म्हणालो, "पण राऊटरले उंदरानं हातही नाही लावला!"

बायकोनं माझ्यापुढं ताट आपटलं.

"राऊटरले उंदरायपासून वाचवलं. पोरीले तुमच्यापासून कोन वाचवन?"