पैरा फेडायला गेले तेव्हा

लग्नानंतर मी उचगाव सोडून बेळगावात आले. नवरा उद्यमबागेत, फौंड्रीत सुपरवायझर. घरात नळ, गॅस, पुढे टीव्हीही आला. माहेरी विहिरीवरून दोन-दोन घागरी आणणारी मी आता पाण्याचा तांब्याही मुलीकडून मागून घेई. भाजीवाला दारात येई, दळण नवरा स्कूटरवरून नेई. मी खुर्चीत बसून फुगत गेले. आई मात्र हरखायची. शेजारणींना सांगायची, "सुखात हाय माझी लेक. अंगानं कशी भरलीया बघा." माझ्या कौतुकानं तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं, माझ्या अंगावर तर ते पायलीनं चढत होतं. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हडकुळी बाई म्हणजे सासुरवास, असंच आम्ही सगळ्या समजत होतो.

एका वर्षी भाताच्या लावणीच्या दिवसांत वहिनी बाळंत झाली, म्हणून मी माहेरी आले होते. आमच्याकडे लावणी पैऱ्यानं व्हायची. शेजारघरची बाई आमच्या रानात दिवसभर राबली, की आमच्या घरच्या बाईनं तिच्या रानात तो दिवस फेडायचा. आईचे गुडघे गेले होते. मी ऐटीत म्हटलं, "मी जाते की. लग्नाआधी लावणीत माझ्या पुढं कोण होतं?"

चिखलात उतरले, वाकले आणि पोटच आडवं आलं. मूठभर रोपं लावून होईतो धाप लागली. बाकीच्या बायका गप्पा मारत, रोपं लावत मागं सरकत गेल्या, माझ्या वाट्याची पात तेवढी उघडी राहिली. दोन्ही बाजूच्या दोघींनी आपलं लावता लावता माझी पातही भरून घेतली. शेवटी रान ज्यांचं, त्या काकू जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाय, तू बांधावर बस गं जरा. पानी पी." लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी बसले, कारण उभंच राहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोच पैरा फेडायला आई निघाली. मी नको नको म्हणत होते, पण घराचा शब्द होता. दुपारी जेवण घेऊन गेले तर आई चिखलात वाकलेली, एक हात गुडघ्यावर. आदल्या दिवशी नसलेल्या एका बाईनं तिला विचारलं, "मावशी, लेक आलीया न्हवं? तिला का न्हाय धाडलंस?"

मान वर न करता आई म्हणाली, "सुखात हाय ती."